तुम्ही फक्त बसून राहायचं

३ सप्टेंबर

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

पत्राला उशीर झाला, कारण मी जागा बदलली. इतके दिवस कामावरच्या लोकांबरोबर एका खोलीत राहत होतो. आता स्वतंत्र घर घेतलं आहे, तिसऱ्या मजल्यावर. एक खोली माझी, एक तुमची. तुमच्या खोलीला मोठी खिडकी आहे आणि सकाळचं ऊन पलंगापर्यंत येतं.

मुख्य गोष्ट म्हणजे तुमचा इथे राहायचा परवाना आला. नात्याच्या रकान्यात ‘वहिनी’ लिहून भागत नव्हतं. मग आई गेल्यापासून तुम्हीच मला वाढवलं याचे शाळेतले दाखले जोडले, तेव्हा मान्य झालं. मात्र फेब्रुवारी संपायच्या आत तुम्ही इथे येऊन पोचायला हवं. नाही पोचलात तर परवाना रद्द, आणि पुन्हा मागितला तर मिळेलच असं नाही. ऑफिसातल्या बाईंना मी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली. दादा गेल्यापासून तुम्ही त्या घरात एकट्या आहात. आता ते पुरे झालं.

इथे मी दिवसभर लोकांची स्वयंपाकघरं बसवतो. कपाटं, फळ्या, ओट्याखालचे कप्पे. कोणतं यंत्र कुठे बसतं आणि त्याच्या मागे किती फट सोडायची हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. पण ती यंत्रं चालू कशी करायची हे मला कधी कुणी सांगितलं नाही. आम्ही दारं लावून निघतो, बटणं मालक दाबतो. आता मालक मीच आहे, आणि मला एकही बटण येत नाही.

शेगडी काचेची आहे. जाळ नाही, काही नाही, काळी सपाट पाटी. तुम्ही दिलेलं ॲल्युमिनियमचं पातेलं तिच्यावर ठेवलं तर ती नुसती चूं करते आणि एक खूण लुकलुकवते. पुसून ठेवलं, फिरवून ठेवलं, तरी चूं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या बाईंना हातवारे करून वर आणलं. त्यांनी फ्रिजवर चिकटवलेलं लोहचुंबक काढून पातेल्याला लावलं. ते पडलं. म्हणजे ज्याला लोहचुंबक चिकटतं तेच भांडं या शेगडीला दिसतं. आपलं पातेलं तिला दिसतच नाही. शिवाय तिच्यावर जरा काही सांडलं, की ती आपली आपण बंद होते आणि पुसून काढेपर्यंत चालू होत नाही. फार संशयी आहे.

कपडे धुवायच्या यंत्रात कपडे घातले. त्याने धुतले, पिळलेही. पण साबण खरंच निघाला असेल का, असं वाटत राहिलं, म्हणून ते सगळे बादलीत घेऊन पुन्हा विसळले. आणि भांडी घासायच्या यंत्रात मी भांडी घासायचाच साबण घातला. त्यात काय चुकलं? पण दाराच्या फटीतून जो फेस यायला लागला, तो मी टॉवेलने ढकलत होतो आणि तो माझ्या दुप्पट वेगाने येत होता. त्या यंत्राचा साबण वेगळा असतो म्हणे.

तुम्ही कधी निघता ते कळवा, म्हणजे तिकीट काढतो.

तुमचा,
धाकटा

२० सप्टेंबर

चि. भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून इतकी हसले, की शेजारच्या मास्तरीणबाई धावत आल्या. म्हणाल्या, “अहो, काय झालं? रडता कशाला?” मी पत्रच त्यांच्या हातात दिलं. फेसाच्या जागी आल्यावर त्याही उंबऱ्यात बसल्या. आता गल्लीभर झालं आहे, की आमच्या भाऊजींना परदेशात फेसाने घेरलं.

यंत्राने धुतलेले कपडे बादलीत विसळलेत, यावर काय बोलू! गडी ठेवायचा आणि त्याच्या मागून आपणच झाडायचं. तुमचे दादा उगाच नव्हते तुम्हाला गुण्या म्हणत. सुतार काटकोन तपासायला गुण्या लावतो, तसा तुम्ही लहानपणापासून प्रत्येक गोष्टीला लावत आलात. ह्यांनी टेबल केलं, की तुम्ही खाली वाकून चारही पाय बघायचात. हे म्हणायचे, “बघ बाबा, तू पास केलंस तरच गिऱ्हाईकाला देतो.”

पातेलं टाकू नका. शेगडीला दिसत नसलं तर नसू दे, त्यात तांदूळ भरून ठेवा. आणि साबणाचं असं करा, पुढच्या वेळी यंत्र रिकामं चालवून घ्या म्हणजे आतला फेस जाईल. काचेच्या शेगडीला घासणी लावू नका, चरे पडतील. ओलं फडकं, मग कोरडं. भात बसकट भांड्यात लावा, उंच भांड्यात वरचा कच्चा राहतो. कांदा परतताना खिडकी उघडा, नाहीतर घरभर वास राहील आणि खालच्या बाई पुन्हा वर येतील. चांगल्या दिसतात त्या. वय काय त्यांचं?

इकडे बंब अजून रोज पेटवते. सवय. पूर्वी ह्यांच्या रंध्यातून निघालेली लाकडाची भेंडोळी टोपलीभर असायची, एक काडी लावली की भसकन पेट घ्यायची. त्या पाण्यालाच सागाचा वास यायचा. तुम्ही आंघोळ करून शाळेत गेलात की गुरुजी म्हणायचे, आला सुतार. आता वखारीतून ढलप्या आणते. पेटतात, पण वास नाही.

फोन करू नका. फोनवर तुम्ही “जेवलात का” म्हणता, मी “जेवले” म्हणते, आणि मग दोघं हॅलो हॅलो करत बसतो. पत्रच बरं.

येण्याचं बघू. गुडघा जरा कुरकुरतो आहे. तिसरा मजला म्हणता.

आपली,
वहिनी

१० ऑक्टोबर

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

गुडघ्याची काळजी सोडा. इमारतीला लिफ्ट आहे. एक पायरीसुद्धा चढावी लागत नाही, मी आज मुद्दाम फाटकापासून दारापर्यंत बघत आलो.

दुसरी आनंदाची बातमी म्हणजे सगळी यंत्रं माझ्या ताब्यात आली आहेत. प्रत्येकाबरोबर माहितीपुस्तक असतं. भाषा येत नसली तरी चित्रं असतात, आणि चित्र वाचायला मी दादाच्या हाताखाली शिकलो आहे. रोज एक यंत्र घेतलं. आता कपडे यंत्रात घालायचे, ते धुऊन, पिळून, वाळवूनसुद्धा बाहेर येतात. ऊन लागत नाही, दोरी लागत नाही. भांडी खरकटी आत, लखलखीत बाहेर. भाताचं वेगळं भांडं घेतलं. तांदूळ, पाणी, एक बटण. झालं की ते स्वतःच सांगतं आणि भात गरम धरून ठेवतं. शेगडीला दिसतील अशी भांडीही आणली. गरम पाणी नळाला चोवीस तास. बंबाची कटकट नाही.

धुण्याच्या यंत्राला पुढे गोल काच आहे. परवा मी खुर्ची घेऊन तिच्यासमोर बसलो आणि कपडे फिरताना बघत राहिलो. आपल्याकडे मागच्या दारी तुम्ही धुणं आपटायला लागलात की मला जाग यायची. चादर असली की धप्, हा मोठा शर्ट, हा लहान, हे पडल्या पडल्या ओळखता यायचं. या यंत्राला आवाजच नाही. मोठा कपडा काय, लहान काय, एकच घरघर.

पण तुमचे हात वाचतील. तुमच्या बोटांना थंडीत भेगा पडायच्या, त्यात मेण भरायचात, ते मी विसरलेलो नाही. इथे तुम्हाला कशालाही हात लावावा लागणार नाही.

तारीख कळवा.

तुमचा,
धाकटा

२ नोव्हेंबर

चि. भाऊजी यांस,
आशीर्वाद.

पत्र मिळालं. यंत्रं जमली हे छान झालं. तुम्हाला जमणारच होतं.

इकडे सगळं ठीक. मांजर व्याली आहे, ह्यांच्या कामाच्या टेबलाखाली. पिल्लं डोळे उघडेपर्यंत तिला टाकून कसं निघणार? दाढही दुखते आहे. बघू.

प्रकृतीला जपा.

वहिनी

१५ नोव्हेंबर

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र पोचेपर्यंत पिल्लांचे डोळे नक्की उघडलेले असतील. दाढेसाठी इथे चांगले डॉक्टर आहेत, कामावरच्या मुकादमाची दाढ त्यांनीच काढली आणि त्याला कळलंसुद्धा नाही. तेव्हा त्या दोन्ही अडचणी सुटल्या.

तुमच्यासाठी एक नवीन यंत्र आणलं आहे. ताटाएवढं, गोल. जमिनीवर सोडून दिलं की घरभर फिरून केर काढतं. भिंतीला टेकलं की वळतं, पलंगाखाली जातं, आणि दमलं की आपल्या जागेवर जाऊन बसतं. म्हणजे वाकून झाडणंही गेलं. भाजी चिरायचं यंत्र बघून ठेवलं आहे, पगार झाला की आणतो.

आणि मी स्वतः एक वस्तू केली आहे. कामावर चांगल्या लाकडाचे तुकडे उरतात, मुकादमाने न्यायला परवानगी दिली. त्याची तुमच्यासाठी खुर्ची केली. बैठक रुंद, पाठ जरा मागे कललेली, हात ठेवायला दोन्हीकडे फळ्या. खिडकीपाशी ठेवली आहे. खाली बाग दिसते, लोक कुत्रे फिरवतात.

आयुष्यभर तुम्ही राबलात. पहाटे तुम्ही आधी उठायचात आणि आम्ही दोघं भाऊ झोपल्यावरच आडव्या व्हायचात. दादाच्या फर्निचरला पॉलिश करून करून तुमच्या बोटांचे ठसे गेले होते. आता या घरात तुम्ही काही करायचं नाही. सगळं आपोआप होतं. तुम्ही फक्त बसून राहायचं.

परवान्याची मुदत लक्षात आहे ना? तिकिटं आधी काढावी लागतात.

तुमचा,
धाकटा

१२ डिसेंबर

चि. भाऊजी यांस,
आशीर्वाद.

तिकडे सगळी सोय झाली हे वाचून समाधान वाटलं. माझी काळजी मिटली.

माझं येणं धरू नका. विचार करूनच लिहिते आहे. तुमचं सगळं नीट लागलं आहे, माझंही इथे ठीक चाललं आहे. खुर्ची तुम्ही वापरा.

वहिनी

२८ डिसेंबर

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

काय लिहू? इथे सगळं बिघडलं आहे.

परवा शेगडीवर दूध ठेवलं आणि विसरलो. ते उतू जाऊन शेगडीभर पसरलं, वर जळत राहिलं, आणि घर धुराने भरलं. खालच्या बाई धावत आल्या. धुण्याच्या यंत्रात पांढरे शर्ट घातले, त्यात चुकून लाल कपडा गेला आणि सगळे शर्ट गुलाबी झाले. कामावर सगळे हसतात. भाताचं भांडं बंद पडलं आहे. केर काढायचं यंत्र पलंगाखाली जाऊन बसतं आणि बाहेरच येत नाही. नुसता पाव खाऊन दिवस काढतो आहे. फार बारीक झालो.

ही यंत्रं वरवर सोपी दिसतात, पण घर चालवायला माणूसच लागतं. तुम्ही आल्याशिवाय या घराचं काही खरं नाही. परवान्याला अजून वेळ आहे. कृपा करून विचार बदला.

तुमचा,
धाकटा

१४ जानेवारी

चि. भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी घाबरले. माझा मुलगा तिकडे पावावर जगतो आहे म्हणून जीव थाऱ्यावर राहिना. मास्तरीणबाईंना म्हटलं, मी चालले. त्यांनी माझं गाठोडंसुद्धा मनातल्या मनात बांधलं. मग जरा शांत झाल्यावर दुसऱ्यांदा वाचलं.

भाऊजी, तुम्हाला मी लिहिणं-वाचणं, जेवणं-खाणं, सगळं शिकवलं. खोटं बोलायला शिकवायचं तेवढं राहून गेलं.

सप्टेंबरात तुम्हीच लिहिलंत, की त्या शेगडीवर जरा सांडलं तरी ती आपली आपण बंद होते. तुमचंच वाक्य आहे, “फार संशयी आहे.” मी पत्र काढून पुन्हा बघितलं. मग दूध सांडल्यावर ती जळत कशी राहिली? त्या दिवसापुरता तिचा संशय फिटला होता का? आणि दूध ठेवून विसरलात, तुम्ही? सात वर्षांचे होतात तेव्हापासून दुधापाशी पळी घेऊन उभे राहायचात. एकदा बाहेर मिरवणूक चालली होती, सगळी पोरं पळाली, तुम्ही रडत रडत तिथेच उभे, कारण दुधाला अजून उकळी आली नव्हती.

लाल कपडा म्हणे. तुमची पेटी मी भरली. त्यात लाल सोडा, तांबूससुद्धा काही नव्हतं. आणि स्वतः जाऊन लाल घ्याल असे तुम्ही नाही. तुम्ही दुकानात जाता आणि होता तसाच करडा शर्ट घेऊन येता.

म्हणजे सगळं नीट चाललं आहे. मग आधी हसू आलं आणि पाठोपाठ राग आला. राग कशाचा ते सांगते, कारण आता तुम्ही लहान नाही.

हे गेल्यापासून जो येतो तो मला म्हणतो, “वहिनी, तुम्ही बसा.” कुणाकडे कार्य असलं, मी पदर खोचून आत गेले, की हातातली परात काढून घेतात. “तुम्ही बसा हो.” नळावर गेले तर पोरी हंडा भरून आणून देतात. चांगल्याच मनाने करतात, मला कळतं. पण वावरणाऱ्या माणसाला लोक विचारतात, हे कुठे ठेवू, ते कसं करू. बसवलेल्या माणसाला फक्त ताट आणून देतात. पुढच्या खोलीत ह्यांचं टेबल आहे, त्यावर काम नाही. पॉलिशची बाटली वाळून दगड झाली. तरी मी रोज सकाळी ती खोली झाडते. भुसा नाही काही नाही, नुसती फरशी झाडते. का, ते विचारू नका.

आणि मग तुमची पत्रं. याला हात लावावा लागणार नाही, ते आपोआप होतं. प्रत्येक पत्रात माझं एक एक काम तुम्ही काढून घेत होतात. मी वाचत होते आणि माझे हात मांडीत येत होते. शेवटी तुम्हीसुद्धा सातासमुद्रापलीकडून तेच म्हणालात. बसा. त्यासाठी खुर्चीही केलीत. तिला पॉलिश तरी कुणी केलं?

गुडघा, दाढ, मांजर, सगळी निमित्तं होती. तुम्ही मला न सांगता ओळखाल असं वाटलं होतं. पण तुम्ही एकेका निमित्ताला औषध शोधत बसलात.

आता बिघडलं म्हणून बोलावता. म्हणजे यंत्रं चालली तर मी नको, बंद पडली तर मी हवी. तुमच्या मनात तसं नाही हे मला माहीत आहे. पण मग काय आहे? मी वाढवलं म्हणून उपकार फेडायचे असतील, तर येणार नाही. लोक नावं ठेवतील, वहिनीला टाकून गेला म्हणतील, म्हणून बोलावत असाल, तरी येणार नाही. लोकांचं मी बघून घेईन.

एकदा नीट विचार करा आणि खरं लिहा. मी कशाला हवी आहे? उत्तर एका ओळीचं असलं तरी चालेल. मुदत संपायला आली आहे, पण मुदतीसाठी खोटं लिहू नका.

आपली,
वहिनी

२७ जानेवारी

ती. वहिनींस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही म्हणता ते सगळं खरं. शेगडी चांगली आहे. शर्ट पांढरे आहेत. भात रोज होतो. ते पत्र पेटीत टाकलं तेव्हाच हात परत आत घालावासा वाटला होता, पण पेटीचं तोंड लहान.

मी ते का लिहिलं ते सांगतो. तुमचा नकार आल्यावर मी तुमची सगळी पत्रं टेबलावर ओळीने मांडली. फेसाच्या वेळी तुम्ही पान भरून, समासातसुद्धा लिहिलं होतं. यंत्रं जमली असं मी लिहिलं, तर चार ओळी. मला वाटलं, वहिनींना माझी फजिती आवडते, मग फजितीच लिहू. एवढंच माझ्या डोक्यात आलं. तुमच्या हातांबद्दल काही आलं नाही. मापं घेण्यात माझी चूक होत नाही, पण काय मोजायचं आहे तेच मी चुकलो.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. चार कागद फाडून हा पाचवा.

परवा एका घरी काम संपवलं. घरातल्या बाई आल्या, सगळे कप्पे उघडून बंद केले आणि छान आहे म्हणाल्या. सगळीकडे छानच म्हणतात. मुकादमही छान म्हणतो. आपल्याकडे एखादी वस्तू तयार झाली की दादा गुण्या लावायचा, आणि तुम्ही दारात उभ्या राहून नुसती मान तिरकी करायचात. गुण्या काही म्हणो, तुम्ही म्हणायचात, “डावीकडे झुकलंय.” आणि झुकलेलं असायचं. दादा चिडायचा, रात्री जेवताना बोलायचा नाही, आणि सकाळी उठून मुकाट्याने पाय तासायचा. मी इथे इतकी कपाटं बसवली. त्यांतलं एकही तुम्ही पाहिलेलं नाही. ते सरळ आहे की नाही, मला खरं म्हणजे माहीतच नाही.

संध्याकाळी घरी येतो. भाताचं भांडं चूं करतं, माझं झालं. धुण्याचं यंत्र चूं करतं, माझं झालं. माझं झालं हे मी कुणाला सांगू? उशीर झाला तर का झाला, हे विचारणारं कुणी नाही. मग उशीर असा होतच नाही, कारण कुणाच्या हिशेबाने उशीर?

या घरातलं प्रत्येक यंत्र मी चालवून पाहिलं आहे. फक्त दारावरची बेल कशी वाजते ते मला माहीत नाही. मी येतो तो किल्लीने येतो, आणि दुसरं कुणी येत नाही. खालच्या बाई टकटक करतात. एकदा वाटलं, आपणच बाहेर उभं राहून दाबून बघावी. हात पुढे केला आणि लाज वाटली. आत कुणी नाही हे मला माहीत होतं.

उपकार फेडायचे नाहीत. ते फिटणारे नाहीत, तेवढा हिशेब मला येतो. काम करा, नका करू. सगळी यंत्रं बंद करून टाका. मागच्या गॅलरीत दगड बसवून देईन, धुणं आपटा. इमारतीतले लोक काय म्हणतील ते म्हणोत. मला घरात तुम्ही हव्या आहात. कशासाठी, ते मला लिहिता येत नाही. शाळा आठवीतच सुटली.

खुर्चीला पॉलिश केलेलं नाही. कोरीच आहे.

तुमचा,
गुण्या

११ फेब्रुवारी

चि. भाऊजी यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. वाचलं. मग उठले.

मास्तरीणबाईंच्या यजमानांनी तिकीट काढून आणलं आहे. सत्तावीस तारखेला सकाळी पोचते, मुदतीच्या आत. सोबत त्यांची भाची आहे, ती पुढे जाणार आहे. विमानात ती खिडकी मला देणार आहे, आणि घाबरले तर हात धरीन म्हणाली. बघू कोण कुणाचा धरतं.

मांजर आणि पिल्लं मास्तरीणबाईंकडे. ह्यांची हत्यारं तेल लावून, कापडात गुंडाळून ठेवली. घराला कुलूप लावणार आहे, पण घर विकायचं नाही. वर्षातून एकदा येऊन झाडणार, तेव्हा परतीच्या तिकिटाचीही तयारी ठेवा. सगळं आवरताना एकच गोष्ट अडत होती, की ह्यांना काय सांगायचं. कालपर्यंत त्या खोलीत जाऊन नुसती उभी राहत होते. मग लक्षात आलं, ह्यांना विचारून मी कधी काही केलंच नव्हतं. करून झाल्यावर सांगायचे, आणि हे म्हणायचे, “बरं केलंस.” तसंच समजायचं.

ते गोल यंत्र केर काढत असेल तर काढू दे. मी त्याच्या मागे फिरून कोपरे बघणार. मला खात्री आहे, गोल वस्तू कोपऱ्यात पोचत नाही. आणि तुम्ही काम केलेल्या एखाद्या घरी मला एकदा घेऊन जा. मान तिरकी करून बघते आणि वाकडं असलं तर तिथेच सांगते, मालकीणबाईंच्या देखत. तयारी आहे ना?

विमानतळावर घ्यायला या. वेळेवर या, हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही आदल्या दिवसापासून उभे राहाल. सामान तुम्ही उचला, त्याला माझी ना नाही. लिफ्टने वर जाऊ. पण दारापाशी पोचलो, की तुम्ही किल्लीने उघडा, एकटेच आत जा, आणि दार लावून घ्या. मी बाहेर थांबते. लोक बघतील, हसतील, बघू दे.

मी बेल वाजवीन. लगेच उघडू नका. पुरती वाजू दे, नीट ऐकून घ्या. मग आतून विचारा, “कोण आहे?”

आपली,
वहिनी